पागेचा उजेड मांडवात

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसणाऱ्याला गोष्ट अर्धीच ऐकू येते, आणि अर्धी गोष्ट ऐकलेला माणूस गावभर पूर्ण सांगत सुटतो. गोष्ट एका घोडीची आहे, एका बॅटरीची आहे आणि हरिनाम सप्त्याची आहे. सप्ता म्हटल्यावर तुम्ही हात जोडाल. जोडा. पण या गोष्टीत राग आहे, तो आधीच सांगून ठेवतो. राग देवावरचा नाही. देवाच्या नावानं दुसऱ्याच्या दारात हात घालणाऱ्यांवरचा आहे.

शिरड शहापूरपासून दीड कोसावर, सडक सोडून आत, एक गाव. नाव घेत नाही. तीच माणसं अजून तिथं राहतात. गाव संपून माळ लागतो तिथं देविदासची पागा. पागा म्हटल्यावर राजाची डोळ्यांपुढं आणू नका. वर पत्रे, तिन्ही अंगांनी तुराट्यांचा कूड, आत चार दावणी. तीन घोड्या आणि एक म्हातारा घोडा. लग्नसराईत नवरदेव मिरवायला देविदास पार आखाडा बाळापूरपर्यंत जायचा, आणि मागं जनावरांचं सगळं बघायची ती त्याची बायको, पद्माबाई.

पागेत वीज नव्हती. गावातून निघालेले खांब किसनरावांच्या बांधापर्यंत शहाण्यासारखे आले आणि बांधाला लागून थांबले. तिथून पागा तीनशे पावलं. किसनरावांच्या वावरात एक खांब रोवला असता तर काम झालं असतं. पण किसनराव म्हणाले, "माझ्या वावरात खांब न्हाई. उद्या ट्रॅक्टर काय डोक्यावर घिऊन फिरू?" वीज कंपनीचा माणूस दोनदा आला, दोन्ही वेळा किसनरावांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, चहा पिऊन गेला. संपलं.

लोकांनी शहाणपण शिकवलं, तारेवर आकडा टाका, अर्धं गाव आकड्यावर हाय. देविदासनं कानाला हात लावला. घोड्याच्या पायात लोखंडी नाल, खाली मुताची ओल. माणसाला नुसता झटका बसतो तिथं घोडं आडवं होतं. कंदील टांगावा तर चहूकडं कडबा. गेल्या साली तीच भीती धरून पद्माबाईनं कंदील लांब, दाराबाहेर ठेवला होता. चंद्री नावाची पांढरी घोडी त्या अंधारात व्याली. शिंगरू पिशवीतच होतं, नाकावरचा पडदा फाटलेला नव्हता, आणि हे पद्माबाईला दिसलंच नाही. तिला वाटलं, दमून पडलंय. हात लावला तेव्हा अंग गार पडत चाललं होतं. चंद्री तीन दिवस त्याच जागी माती हुंगत उभी होती.

म्हणून यंदा पद्माबाईनं हट्टानं सोलरची प्लेट आणली. पत्र्यावर दक्षिणेला तोंड करून बसवली. रोज सकाळी शिडीवर चढून ओल्या फडक्यानं पुसायची, कारण माळाची धूळ बसली की बॅटरी उपाशी राहते. बॅटरी कडब्यापासून लांब, जमिनीपासून कमरेइतक्या उंच फळीवर, लाकडी खोक्यात. उचलायला सोपं जावं म्हणून खोक्याला चंद्रीच्या जुन्या लगामाचा पट्टा ठोकला. वायरी नळीतून घातल्या, कारण घोड्या काहीही चघळतात. बल्ब दोन, पिवळे, आणि समोरासमोर नव्हेत. एक गव्हाणीच्या मागं, एक दाराच्या कोपऱ्यात. एकाच अंगानं उजेड आला की घोडीची सावली कुडावर नाचते आणि घोडी आपल्याच सावलीला बुजून दावं तोडते. हे सगळं कुणी तिला शिकवलं नव्हतं. बघून बघून, चुकून चुकून तिनं बसवलं होतं. मोबाईलसुद्धा त्याच बॅटरीवर चार्ज व्हायचा, आणि तो एकच मोबाईल देविदास बरोबर न्यायचा.

आता तिची चूक सांगतो, कारण चूक तिचीही होती.

पाडव्याला देवळात सप्त्याची बैठक झाली. किसनराव पुढारी. माणूस भाविक, खोटं कशाला बोला; कीर्तनात त्यांच्या डोळ्यांना खरोखर पाणी येतं. कुणी साखर बोललं, कुणी तेल बोललं, कुणी भांडी. पद्माबाईला कीर्तनाचं भारी वेड. बायकांतून उठून ती पुढं आली, वीणेवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी गरीब काय देणार? पण पागेतलं जे लागंल ते न्या. इचारू बी नगा. देवाचंच हाय."

तिच्या मनात होता म्हातारा घोडा, दिंडीपुढं चालवायला. फार तर पाण्याची टाकी. पण बोललेला शब्द बोलणाऱ्याच्या मनातलं घेऊन जात नाही. तो ऐकणाऱ्याच्या सोयीचा होतो.

सप्त्याचा चौथा दिवस. गावची विजेची डीपी आदल्या दिवशीच जळाली होती. भाड्यानं आणलेलं जनरेटर दुपारी खोकून खोकून बंद पडलं. देविदास दोन घोड्या घेऊन बाळापूरकडं वरातीला गेलेला. दिवस मावळायच्या सुमाराला पद्माबाई चंद्रीच्या पोटाखाली वाकून बघत होती आणि शेजारी जनकाबाई उकिडवी बसलेली.

जनकाबाई ओढ्यापलीकडच्या बुद्धवाड्यातली. सत्तरी गाठलेली सुईण. दवाखान्याची गाडी गावात यायला लागायच्या आधी निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. गेल्या सालचं शिंगरू गेलं तेव्हा तीच म्हणाली होती, "मला एक हाक मारली असतीस, पदमे. बाई काय नि घोडी काय, अडचण सारखीच."

"सडांना मेणावानी चीक धरलाय, जनकामाय. आज हुईल का?"

"आज न्हाई. उद्या पहाटं. जा तू तुझ्या कीर्तनाला."

"यांनी सांगितलंय, घोडी सोडून हलू नको."

"आन् मी काय कडबा हाय का हितं? बसते की मी." जनकाबाई हसली. "आमी विहारात जाणारी माणसं, आमाला तुमचं कीर्तन कशाला? पण त्या महाराजाचा गळा गोड हाय बाई. वाऱ्यावर हितपर्यंत येतो तेवढा मी फुकट ऐकते. तू जवळून ऐक, मला उद्या सांग."

पद्माबाईनं दोन्ही बल्ब लावले. चंद्री कान टाकून शांत उभी होती. ओढ्यातल्या पायवाटेनं पद्माबाई गावात गेली, आधी महाप्रसादाच्या चुलीवर तासभर पोळ्या लाटल्या, आणि हात पुसत मांडवात आली.

बघते तर मांडवात उजेड! व्यासपीठावर दोन बल्ब, आणि माईक खणखणीत चालू. किसनराव माईकवर सांगत होते, "डीपी गेली, जनरेटर गेलं, पर पांडुरंगानं सोय केली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पद्माबाईनंही वाजवल्या. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिनंही हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाली, देवा, तुला किती काळजी रे.

महाराज भूतदयेवर बोलत होते. मुक्या जिवाचं दुःख त्याच्या डोळ्यांत वाचावं लागतं, ज्याला ते वाचता येतं त्यालाच देव भेटतो, असं सांगत होते. टाळकरी मागं झुलत होते, मृदंग घुमत होता. पद्माबाईला चंद्री आठवली आणि तिचे डोळे भरले. इतक्यात आवाज खरखरला, बल्ब मंदावले. किसनरावांचा पोरगा हरीश चौकीखाली वाकला, चौकीची चादर वर केली आणि बॅटरीचे चिमटे हलवू लागला.

चादरीखालून एक चामड्याचा पट्टा लोंबत होता.

पद्माबाईला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि कानात मृदंग बंद झाला. बल्ब पिवळे. तेही तिचेच. ज्या उजेडाला तिनं हात जोडले तो उजेड तिच्या पागेतला होता, आणि पागा या घडीला अंधारात होती.

कीर्तन चालू असताना कुणी उठत नाही. नारदाच्या गादीपुढून आडवं जायचं नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पद्माबाई उठली. बायकांच्या मांड्यांवर पाय पडत होते, बायका "अगं, अगं" करत होत्या. ती गादीच्या पुढून आडवी गेली आणि चौकीपाशी उभी राहिली.

"हरीश, कुठून आणली ही?"

"काकू, बसा खाली. कीर्तन चालू हाय."

"कुठून आणली?"

"पागेतून. मघाशी गाडीवर आणली. तुमीच बोलल्या व्हत्या, इचारू नगा."

"पागेत घोडी व्यायला झालीय! तिथं कोण व्हतं? जनकामाय व्हती ना? काय म्हणली ती?"

हरीश इकडं तिकडं बघू लागला. "म्हणली, नेऊ नको. पर ती काय... तिला काय कळतंय सप्त्यातलं."

"ज्या हातानं तुला आईच्या पोटातून वढून काढलं, त्या हाताला काय कळतंय, व्हय रे?"

किसनराव उठून आले. आवाज दबका, पण चेहरा लाल. "पद्माबाई, कीर्तन मोडून राहिल्या तुमी. पाप हाय हे. घंटाभर तकलीफ सोसा. वीणेवर हात ठिवून तुमी शब्द दिलाय, आमी काय चोरी केली न्हाई."

"शब्द दिला! व्हय, दिला! माझी जीभ झडावी त्या दिसाची! पर पागेत तुमाला टाकी दिसली न्हाई, घोडं दिसलं न्हाई, खुंटीवरली झूल दिसली न्हाई. नेमकी बॅटरीच दिसली? एक खांब रोवू दिला न्हाई तुमी. तीनशे पावलांवर उजेड येऊ दिला न्हाई. मी सूर्याकडून मागून आणला, तर तो बी काढून नेला! आन् वर पांडुरंगाच्या नावावर खपवला! पांडुरंग गाडीवर बसून आला व्हता का पागेत?"

मांडवात पाच-पंचवीस मोबाईल वर झाले. वाट दाखवायला नव्हेत. व्हिडिओ घ्यायला.

महाराज अजून उभे होते, हातात चिपळ्या. पद्माबाई त्यांच्याकडं वळली तेव्हा मात्र तिचा आवाज फुटला. "महाराज, माझं चुकत आसंल तर सांगा. आत्ताच तुमी सांगत व्हता, मुक्या जिवाच्या डोळ्यातलं वाचावं. अंधारात कसं वाचू मी?"

महाराजांनी चिपळ्या खाली ठेवल्या. म्हणाले, "ने माय."

तिनं चिमटे उपसले. मांडव काळा झाला.

"कुणी गाडी काढता का रे?" तिनं अंधारात विचारलं. कीर्तनातून उठू नये म्हणून कुणी उठलं नाही. इतका वेळ हातात धरलेले मोबाईलही खिशात गेले. हरीश अर्धा उठला होता. किसनरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो बसला.

मग पद्माबाईनं पदराची चुंबळ केली, खोकं गुडघ्यावर घेतलं आणि तिथून डोक्यावर चढवलं. घागरीसारखं. पण घागर सांडली तर पाणी सांडतं, इथं तेजाब होतं. मान ताठ ठेवून ती ओढ्याच्या वाटेला लागली. मागं टाळ वाजू लागले, महाराजांनी बिनमाईकचं नाम धरलं होतं. तोच गोड गळा वाऱ्यावर तिच्या मागं येत होता. रोज तिला त्या सुरानं भरून यायचं. त्या रात्री ती दात खाऊन म्हणाली, "पुरे रे देवा, पुरे. पाय टाकायला जागा दाव आधी."

ओढ्यात उतरताना पाऊल घसरलं. खोकं कललं आणि डाव्या खांद्यावर काहीतरी ओलं उतरलं. आधी गार, मग मिरची चोळल्यासारखं. ती थांबली नाही. एक हात सोडून ओढ्याचं पाणी खांद्यावर मारावं, तर बॅटरी जाईल. ती तशीच चढली. तोंडानं किसनरावाच्या सात पिढ्या मोजत होती आणि मध्येच 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत होती. दोन्ही सारख्याच जोरानं.

पागेत काळोख. चंद्रीचा फुरफुरणारा श्वास तेवढा.

"जनकामाय!"

"हाय. हाय मी. हळू ये, पायात येशील."

पद्माबाईनं खोकं फळीवर ठेवलं. आंधळ्यानं सुईत दोरा ओवावा तशी ती वायरींची टोकं चाचपत राहिली. बल्ब तर मांडवातच राहिले होते! तिनं कपाळ बडवून घेतलं. मग आठवलं, चारा कापायच्या खोपीत एक तिसरा, छोटा बल्ब होता. तो काढून आणला, जोडला. मांडवानं बॅटरी शोषून घेतली होती. बल्ब निखाऱ्यासारखा तांबडा लागला. तेवढ्यात जे दिसलं ते असं.

चंद्री आडवी. तिच्या मागं, पाचटावर, ओलंचिंब काळं शिंगरू. मान डगमगत होती, पण वर होती. नाक मोकळं, श्वास चालू. आणि कुडाला टेकून बसलेली जनकाबाई. तोंड राखेसारखं. उजवा हात मांडीवर ठेवलेला, मनगटापासून भलतीकडंच वळलेला.

"तू गेलीस आन् घंटाभरात कळा लागल्या," ती धापा टाकत म्हणाली. "ते पोरगं बॅटरी काढून घिऊन गेलं. मी त्याचा शर्ट धरला, हिसडा मारून गेलं. एकाएकी अंधार झाला तशी घोडी बावचळली. मी चाचपत गेले, पाय लागलं, डोकं लागलं, पिशवी फाटंना. नखानं फाडली. तेवढ्यात लाथ बसली. मंग डाव्या हातानं नाक पुसलं त्याचं."

"पळून का न्हाई गेलीस गं माय, लांब?"

"घोडीला कुठं दिसत व्हतं मी हाय म्हणून? तिनं काय वाईट मनानं मारली न्हाई." मग जरा थांबून, "बघ गं, घोडा हाय का घोडी? मला हातानं कळलं, पर खात्री कर."

घोडी होती. बल्ब तेवढं दाखवून विझला.

पद्माबाई अंधारात तिच्या पायांशी बसली आणि मोठ्यानं, गावाला ऐकू जावं अशी रडली. रागानं रडली. दुःखाचं रडणं ओसरतं; हे ओसरत नव्हतं.

सकाळी देविदास आला. त्यानं जनकाबाईला औंढ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण या वयात हात पहिल्यासारखा वळणार नाही. किसनरावांकडून कुणी विचारायला आलं नाही. निरोप मात्र आला: पद्माबाईनं कीर्तन मोडलं, तर काल्याच्या दिवशी गादीपुढं नाक घासावं.

काल्याच्या दिवशी ती गेली. देविदास म्हणाला, "काहून जातीस? नको." ती म्हणाली, "देव काय किसनरावाचा हाय व्हय?" खांद्यावर तेजाबानं उठलेले फोड पदराखाली झाकून ती देवापुढं, वीणेपुढं वाकली. गादीपुढं नाक घासलं नाही. वीणेवर हात ठेवून एवढंच बोलली, "पाडव्याला दिलेला शब्द मी माघारी घेते. पागेतलं काय बी पाहिजे आसंल तर इचारायचं. मी न्हाई म्हणले तर न्हाई."

बायका चुळबुळल्या.

मग सप्ता उठताना नावं वाचतात तशी नावं वाचायला हरीश माईकपाशी उभा राहिला. दुसरं जनरेटर आलेलं होतं. साखर कुणाची, गहू कुणाचे, मांडव कुणाचा. प्रत्येक नावाला टाळी. "अडचणीच्या वेळी उजेडाची सेवा," हरीश वाचत गेला, वाचताना त्याची मान वर होत नव्हती, "श्री. किसनराव यांच्या प्रयत्नानं." टाळी.

यादी संपली तशी पद्माबाई बोलली. ओरडली नाही. "हरीश, एक नाव ऱ्हायलं."

"कोणतं, काकू?"

"जनकाबाईचं."

हरीशनं कागद उलटा केला, सुलटा केला. किसनराव बसल्या जागेवरून म्हणाले, "तिनं काय दिलं सप्त्याला?"

"हात दिला," पद्माबाई म्हणाली. "उजवा."

हरीशनं माईक तोंडाजवळ नेला. त्याचे ओठ हलले. नाव ओठांवर होतं, समोरच्या बायकांनी ते पाहिलं. पण किसनराव उठले, त्याच्या हातातून माईक काढून घेतला आणि जयघोष सुरू केला. हजार माणसांनी तो उचलला. देवाचाच जयघोष, खोटा कसा म्हणावा? पण त्याच्याखाली एक नाव दाबलं गेलं, आणि दाबायलाच तो वापरला गेला, हे त्या मांडवातल्या शेवटच्या माणसालाही कळलं. टाळ मात्र थांबले नाहीत.

पद्माबाईनं काल्याचा प्रसाद दोन द्रोणांत घेतला आणि ओढ्याच्या वाटेनं बुद्धवाड्याकडं निघून गेली. खांब अजून किसनरावांच्या बांधाशीच आहेत.

बसल्यासारखे बसलात, एक मागणं ऐकून उठा. तुमच्या गावात सप्ता उठेल, नावं वाचली जातील, टाळ्या पडतील. तेव्हा यादीत नसलेलं एक नाव मनातल्या मनात घ्या. मोठ्यानं घेतलंत तर फारच बरं. जनकाबाईची आठवण ठेवा. माईक कुणाच्याही हातात असू दे.